होडीच्या तळाला अँटिफाउलिंग: आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय गेलं

होडी फायबरची, 8 मीटर लांब, मुक्काम नवी मुंबईत दिवाळे कोळीवाड्यासमोर. भरतीला तरंगते, ओहोटीला गाळात बसते. आठवड्यातून चारेक दिवस खाडीत फिरते. गेल्या नोव्हेंबरात जुना रंग काढून तळाला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, दोन रंगांना जोडणाऱ्या टाय कोटचा एक आणि तांब्याच्या सेल्फ पॉलिशिंग अँटिफाउलिंगचे (शंख-शेवाळ चिकटू न देणारा, हळूहळू झिजत जाणारा रंग) दोन हात दिले. आता जुलैअखेर होडी वर घेऊन तळ धुऊन पाहिला. दोन्ही बाजू अजून चांगल्या आहेत, कण्याच्या (तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या उंचवट्याच्या) कडेला मात्र रंग उरलेला नाही. का, ते पुढे येईलच.

आधी लिटरचा हिशोब, कारण फसगत तिथेच होते. तळाचं क्षेत्रफळ काढायला पाण्यातली लांबी गुणिले (रुंदी अधिक बुडालेली खोली) हे सूत्र अशा होडीला पुरतं. इथे 7.2 गुणिले (2.1 अधिक 0.5), म्हणजे जवळपास 19 चौरस मीटर. डब्यावर घनभाग (सुकल्यावर उरणारा भाग) 50 टक्के लिहिला असेल, तर एका लिटरमध्ये 100 मायक्रॉन (0.1 मिलिमीटर) जाडीचा सुका थर 5 चौरस मीटरवर बसतो. दोन हात म्हणजे 7.6 लिटर. रोलर, ब्रश, डब्याच्या तळाशी आणि वाऱ्यावर पाव भाग जातोच, म्हणून 10 लिटर. आम्हाला दुसरीकडून 18,000 रुपयांचं गुत्तं सांगितलं होतं, त्यात अँटिफाउलिंग फक्त 4 लिटर होतं. तेवढ्यात नासधूस धरून सगळे हात मिळून सरासरी 80 मायक्रॉनसुद्धा बसत नाहीत. रंगाऱ्याला भाव विचारताना “किती हात?” असं न विचारता “किती लिटर?” असं विचारा. हात पातळही मारता येतो.

आमचा खर्च असा झाला: होडी वर ओढणं आणि परत पाण्यात सोडणं 4,000, घासाईचे सहा रोज 6,000, रंगाऱ्यांचे चार रोज 4,800, इपॉक्सी प्रायमर 8 लिटर 3,600, टाय कोट 4 लिटर 2,000, अँटिफाउलिंग 10 लिटर 10,000, पाण्यावरच्या भागाचा रंग 1,800, आणि थिनर, पॉलिश पेपर, रोलर, टेप, मास्क, ताडपत्री, गोडं पाणी मिळून 3,500. एकूण 35,700, रंगावरचा 18 टक्के जीएसटी धरून. गुत्त्याच्या जवळपास दुप्पट. पण होडी वर घेण्याचा खर्च आणि बुडालेले दिवस दोन्हीकडे सारखेच असतात, त्यामुळे चार महिन्यांत पुन्हा वर घ्यावा लागणारा रंग आम्हाला परवडत नाही.

वेळ उधाणाने ठरते. पौर्णिमेच्या उधाणाला होडी वर चढवली की पुढच्या अमावास्येच्या उधाणापर्यंत खाली जात नाही, म्हणजे हातात पंधराएक दिवस. नारळी पौर्णिमेआधी सगळा कोळीवाडा होड्या रंगवतो, त्या दिवशी होडी नवी दिसलीच पाहिजे. पाण्यावरच्या भागाला ते ठीक आहे. पण तळाच्या इपॉक्सीला पावसाळी हवा मारक आहे. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल किंवा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं) निदान 3 अंश गरम नसेल, तर रंगाखाली पाण्याचा पातळ थर राहतो आणि रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. नोव्हेंबरातही सकाळी दव असतं. दहाच्या आधी डबा उघडायचा नाही, शेवटचा हात तीनपर्यंत संपवायचा.

घासाईत घाई करू नका. आधी पत्र्याने शंख-शिंपले खरवडायचे, मग गोड्या पाण्याने धुवायचं. खाऱ्या पाण्याने धुतलं तर सुकल्यावर मीठ राहतं, ते रंगाखाली पाणी ओढतं आणि फोड येतात. मग थिनरच्या फडक्याने तेल-मेण काढायचं, त्यानंतरच 80 नंबरचा पेपर. उलट क्रमाने केलं तर मेण घासून आत मुरतं. जुना तांब्याचा रंग कोरडा घासू नये, पेपर ओला ठेवावा. ती धूळ फुप्फुसाला वाईट, आणि खाडीलाही. ठाण्याची खाडी 2022 पासून रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, फ्लेमिंगो याच गाळात चरतात. खाली ताडपत्री टाकून चोथा गोणीत भरला तर अर्धा तास जास्त जातो, तेवढा द्यावा.

आमच्या तळाला रुपयाएवढे काही फोड होते. एक टोचला तर चिकट पाणी आलं, वास व्हिनेगरसारखा आंबट. हा ऑस्मोसिस, पाणी जेलकोटमधून (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून) आत शिरल्याची खूण. असे फोड उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सी पुट्टी भरावी लागते. वाळलं का हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर थांबा.

इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचे, अंदाजाने नाही. उन्हात दर 10 अंशांमागे मिसळलेल्या रंगाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, म्हणून डबे सावलीत ठेवा आणि लागेल तेवढंच मिसळा. टाय कोट आणि अँटिफाउलिंग यांमधली वेळ सगळ्यात नाजूक. टाय कोटवर अंगठा टेकवल्यावर ठसा उमटला पाहिजे, पण रंग अंगठ्याला लागता कामा नये. त्या अवस्थेत वरचा हात दिला तर दोन्ही थर एकजीव होतात. आमचे रंगारी नेमके तेव्हाच जेवायला गेले. डाव्या बाजूचा दोन हात लांबीचा पट्टा कडक झाला, आणि न घासता त्यावर तसंच अँटिफाउलिंग मारलं गेलं. पाचव्या महिन्यात नखाने उचलला तर पोस्टाच्या तिकिटासारखा निघाला. कण्याच्या कडा सोडल्या तर बाकी सगळीकडे रंग घट्ट आहे.

अँटिफाउलिंगचा डबा आकाराच्या मानाने जड लागतो, कारण त्यात तांब्याचं जड ऑक्साइड असतं, आणि ते तळाशी बसतं. रुंद पट्टीने अगदी बुडापासून ढवळा. नाहीतर पहिले लिटर पातळ जातात आणि शेवटी डब्यात चिखल उरतो. थिनर 5 टक्क्यांपेक्षा जास्त घालू देऊ नका. जाडी मोजायला वेट फिल्म गेज नावाची दातेरी पट्टी मिळते. 50 टक्के घनभागाच्या रंगाचा ओला थर 200 मायक्रॉन दिसला, की सुकल्यावर 100 होतो. बारीक लोकरीचा रोलर घ्या, स्वस्त फोमचा रोलर सॉल्व्हंटमध्ये विरघळतो.

दोन जागा हमखास चुकतात. होडी ज्या ओंडक्यांवर टेकलेली असते तिथे रंग लागतच नाही. पहिला हात सुकल्यावर ओंडके हातभर सरकवायचे आणि उघडी पडलेली जागा प्रायमरपासून करायची. आमच्या चार ओंडक्यांपैकी एक सरकवायचा राहिला, तिथे दोन महिन्यांत बार्नकलचा (घट्ट चिकटून बसणारा कवचाचा जीव) तळहाताएवढा ठिपका उगवला, आजूबाजूला एकही नाही. दुसरी जागा आउटबोर्डचा (होडीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचा) पाय. तो ॲल्युमिनियमचा असतो, तांब्याचं अँटिफाउलिंग लावलं तर तो कुरतडला जातो. त्याला तांबंविरहित रंग वेगळा घ्या. आणि ॲनोडवर (पायाऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) कुठलाच रंग लावू नका, झाकलेला ॲनोड निरुपयोगी.

आठ महिन्यांचा निकाल: पहिले चार महिने नुसती हिरवट बुळबुळ, फडक्याने निघणारी. मार्चनंतर पाणरेषेवर शेवाळाची दाढी आली, कारण तिथे ऊन आणि पाणी दोन्ही. दोन्ही बाजूंच्या मोठ्या भागावर आजही बार्नकल नाहीत. कण्याच्या दोन्ही कडा मात्र रोज गाळात घासून प्रायमरपर्यंत उघड्या झाल्या. सेल्फ पॉलिशिंग रंग मऊच असतो, झिजत राहणं हेच त्याचं काम आहे, पण गाळ त्याला दामदुपटीने झिजवतो. कडक प्रकारचा रंग तिथे जास्त टिकला असता, पण मऊ थरावर कडक रंग धरत नाही, त्यासाठी सगळं पुन्हा खरवडावं लागेल. म्हणून येत्या नोव्हेंबरात 10 ऐवजी 12 लिटर घेणार आहोत: जास्तीचे दोन लिटर फक्त कण्याच्या कडांना आणि पाणरेषेच्या वीतभर पट्ट्याला, तिसरा आणि चौथा हात म्हणून.