नाशिकमधला नाट्यशास्त्राचा कोर्स, माझा 3 वर्षांचा अनुभव

ॲडमिशनचे दिवस आले की मेसेज येतात, कोर्स कसा आहे, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहिते. कॉलेजचं नाव टाकत नाही कारण थोड्या तक्रारी पण आहेत. 5 पैकी 4 देईन.

मी बारावी कॉमर्स करून आले आणि सगळ्यांसारखी अभिनयासाठीच आले. पहिल्या वर्षी सकाळी 7 ला आवाजाचे व्यायाम, मग इम्प्रोव्हायझेशन, चांगलं होतं, पण एवढ्या मोठ्या बॅचला एकच मॅडम त्यामुळे ज्यांनी शाळेपासून एकांकिका केल्यात तेच पुढे आणि बाकीचे आम्ही भिंतीला टेकून बघतोय, असं बरेच दिवस चाललं.

खरी मजा दुसऱ्या वर्षी, नेपथ्य आणि प्रकाशयोजना. पहिल्याच आठवड्यात सर आम्हाला शालिमारला कालिदास कलामंदिरात घेऊन गेले, हातात टेप दिली आणि म्हणाले स्टेज मोजा. रुंदी, खोली, विंगा (स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या झाकलेल्या जागा), मागून पलीकडे जायला जागा किती, सगळं. मग त्याचा ग्राउंड प्लॅन, म्हणजे वरून बघितल्यासारखा नकाशा, काढायचा, अर्धा इंच म्हणजे एक फूट या मापाने, आणि त्यावरून पुठ्ठ्याचं मॉडेल. माझ्या मॉडेलमध्ये उजव्या भिंतीला दार होतं. सरांनी एवढंच विचारलं की हे उघडलं तर डाव्या टोकाच्या खुर्चीवरच्या माणसाला काय दिसेल? मी वाकून बघितलं तर त्याला थेट विंगेत एन्ट्रीची वाट बघत उभा असलेला नट दिसणार होता. मग दारामागे एक फ्लॅट, म्हणजे सेटची कापडी भिंत, लावला. तेव्हापासून कुठलंही नाटक बघायला गेले की मी आधी दारामागे बघते.

फ्लॅटपण आम्हीच बनवले. लाकडी पट्ट्यांची फ्रेम, त्यावर मेन रोडवरनं आणलेला मांजरपाट ताणून ठोकायचा, मग सरसाचं पाणी मारायचं, वाळला की कापड असं ताणलं जातं की टिचकी मारली तर आवाज येतो, आणि मगच रंग. लाइट्सच्या बाबतीत मात्र हाल आहेत, मोजून सहा पार लाइट आणि डिमरचे (लाइट कमी-जास्त करायच्या यंत्राचे) दोन चॅनल कायम बंद. पण त्यातही सरांनी दाखवलं की समोरून सरळ लाइट टाकला की चेहरा सपाट दिसतो आणि दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशातून टाकला की नाक डोळे उठून येतात, एका बाजूला अंबर जेल (लाइटसमोर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) दुसरीकडे निळं, आणि आमच्याच वर्गातली मुलगी वेगळीच कोणी वाटायला लागली. मला अक्षरशः भरून आलं होतं.

आता तक्रार. नाट्य-इतिहासाचा पेपर म्हणजे निव्वळ डिक्टेशन. 1843, सांगली, विष्णुदास भावे, सीता स्वयंवर. 1880, अण्णासाहेब किर्लोस्कर, शाकुंतल. पाठ करा, मार्क घ्या. फुल्यांनी 1855 मध्ये तृतीय रत्न लिहिलं हे तर मला तिसऱ्या वर्षी लायब्ररीत कळलं. आणि आपण नाशिकमध्ये बसून शिकतोय ना! नटसम्राट लिहिणारे शिरवाडकर याच गावात राहिले, रायगडाला जेव्हा जाग येते लिहिणारे कानेटकर इथल्याच एचपीटी कॉलेजात शिकवायचे, आणि आमच्या नोट्समध्ये दोघांना मिळून अर्धं पान. गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकात पण आम्ही चौघी आपल्या आपण गेलो, वर्ग म्हणून कोणी नेलं नाही. याचा राग अजून जात नाही.

भरताच्या नाट्यशास्त्र ग्रंथातले अभिनयाचे चार प्रकार पण तसेच, आंगिक वाचिक आहार्य सात्त्विक, एका दमात लिहून घेतले. आहार्य म्हणजे वेशभूषा रंगभूषा हा पण अभिनयच, हे डोक्यात शिरलं ते नेपथ्याच्या सरांमुळे. त्यांनी एकाच मुलीला एकच वाक्य आधी जीन्समध्ये आणि मग नऊवारीत बोलायला लावलं. तिची चालच बदलली, बसायची पद्धत बदलली, वाक्य आपोआप हळू झालं.

तर फक्त सिरियलमध्ये जायचंय म्हणून येत असाल तर येऊ नका, निराश व्हाल. बॅकस्टेजला हात काळे करायची तयारी असेल तर नक्की या. आणि फॉर्म भरायच्या आधी एकदा दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा प्रयोग असेल त्या दिवशी सकाळीच थिएटरवर जा, टेम्पोतून सामान उतरवून सेट लावायला घेतात तेव्हा. विचारलंत तर तुम्हालाही एखादा फ्लॅट धरायला देतील.