वरच्यांचा होकार आधी की पायलट आधी?

प्रोसेस सुधारायची म्हटलं की दोन रस्ते असतात, एक म्हणजे प्रेझेंटेशन घेऊन थेट मोठ्या साहेबांकडे जायचं आणि बजेट, माणसं सगळं आधीच मागून घ्यायचं, नाहीतर गाजावाजा न करता आपल्याच टीममध्ये छोटा पायलट, म्हणजे लहान प्रमाणावर प्रयोग, करायचा आणि आकडे घेऊन वर जायचं.

पहिल्यात वजन आहे. जीई या अमेरिकन कंपनीत 1995 ला तिचे सीईओ जॅक वेल्चनी सिक्स सिग्मा (आकडे मोजून चुका कमी करायची पद्धत) स्वतः उचलून धरलं, पुढे प्रमोशनला त्याच्या ट्रेनिंगची अटच घातली, मग टाळाटाळ करतंय कोण! पण तिथे साहेबालाच ते हवं होतं, आपल्याला साहेबाला पटवायचंय. शिवाय 'छान आहे, करा' हा होकार नव्हेच, दर महिन्याला अर्धा तास आणि एक माणूस सोडतायत का ते बघा.

पायलटचा फायदा म्हणजे पुरावा हातात येतो. फक्त सुरू करायच्या आधीचा आकडा लिहून ठेवा, मी एकदा हेच विसरलो आणि नंतर सगळे म्हणाले हो फरक पडला, पण किती ते कुणालाच सांगता येईना, झालं, विषय तिथेच संपला. आणि वर बोलताना पैशातच बोला, क्वालिटीतले मोठे जाणकार ज्युरान हे कधीच सांगून गेलेत. समजा रोज 40 बिलं चुकीमुळे परत येतात, एकेकाला 15 मिनिटं, म्हणजे रोज 10 तासांचा पगार पाण्यात. हे ऐकून साहेब मान वर करतात, 'डिफेक्ट रेट' म्हणालात की मोबाईल बघतात.

पण पायलट अडतो तो दुसऱ्या डिपार्टमेंटच्या दारात. बिलात चूक सेल्सवाले करतात, निस्तरतात अकाउंट्सवाले, आता सेल्सचा हेड म्हणणारच की माझ्या लोकांना काम सांगणारे तुम्ही कोण?

म्हणून माझं मत, सवय फक्त आपल्याच टीमची बदलायची असेल तर पायलट करून मोकळे व्हा, दुसऱ्याच्या टीमची बदलायची असेल तर आधी वर जा. (कंपनीकडे आयएसओ 9001, म्हणजे क्वालिटी मॅनेजमेंटचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, असेल तर थोडं सोपं जातं, 2015 च्या आवृत्तीत जबाबदारी सरळ टॉप मॅनेजमेंटवर आहे, त्यांच्या वतीने हे बघणारा वेगळा मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नेमायची सक्तीही गेली.) पण वर जाताना रिकाम्या हाताने नको, दोन आठवडे नुसतं मोजा, एका कागदावर मांडा आणि एकच गोष्ट मागा, सेल्सच्या हेडला साहेबांनी स्वतः फोन करायचा.