रजिस्टर आहे पण डेटा नाही: आयओटी डिव्हाइसमधल्या ईसिमचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने झाले, पाण्याच्या टाक्यांची लेव्हल मोजणाऱ्या आमच्या साठेक आयओटी (इंटरनेटला जोडलेल्या) डिव्हाइसेसमध्ये ईसिम, म्हणजे ऑपरेटर दुरून बदलता येणारी सिम, चालू आहे, एका कार्डवर तीन प्रोफाइल (प्रोफाइल म्हणजे एका ऑपरेटरची ओळख आणि सेटिंग), एक सुरुवातीचं बूटस्ट्रॅप, म्हणजे पहिल्यांदा नेटवर्कला जोडण्यापुरतं, आणि दोन वेगवेगळ्या ऑपरेटरची. आधी साधी नॅनो सिम होती. एखाद्या ठिकाणी त्या ऑपरेटरची रेंज गेली की माणूस पाठवायचा, चेंबरचं झाकण उघडायचं, सिम बदलायची, नवा एपीएन (ऑपरेटरच्या डेटा नेटवर्कचं नाव) टाकायचा, आणि हे सगळं करून परत येईपर्यंत दुसरीकडचं बंद पडलेलं असायचं. तो ताप संपला, त्यामुळे घेतल्याचा पस्तावा अजिबात नाही. पण घेताना मी असं धरून चाललो होतो की एक नेटवर्क गेलं की कार्ड आपणहून दुसऱ्यावर जाईल, आणि तिथेच माझा पाय घसरला.

हार्डवेअरबद्दल तक्रार नाही. ६ बाय ५ मिलिमीटरची चिप थेट बोर्डावर सोल्डर केलेली, त्यामुळे ओलाव्याने कॉन्टॅक्ट गंजायचा किंवा धक्क्याने सिम हलायची भानगड उरली नाही. फक्त ईआयडीची, म्हणजे चिपच्या ३२ आकडी ओळख क्रमांकाची, नोंद बोर्डच्या सिरियल नंबरसोबत पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर शोधत बसायला फार त्रास होतो.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या महिन्यात एका रात्री अकरा डिव्हाइस एकदम गप्प झाली. सकाळी एकाला लॅपटॉप लावला, एटी कमांडने (मॉडेमला द्यायच्या मजकुरी सूचनेने) नेटवर्क रजिस्ट्रेशन विचारलं तर उत्तर ५, म्हणजे रोमिंगवर व्यवस्थित रजिस्टर, सिग्नलही बरा, आयपी पण मिळालेला, आणि सर्व्हरला पाठवलेलं एकही पॅकेट पोचत नाही. ऑपरेटरच्या बाजूला डेटाचा रस्ताच कुठेतरी तुटला होता. मग कार्डाने प्रोफाइल का नाही बदललं? कारण कार्डाला मॉडेम एवढंच सांगतं की सर्व्हिस नॉर्मल आहे, मर्यादित आहे की नाहीच आहे, आणि त्यावरूनच फॉलबॅक, म्हणजे दुसऱ्या प्रोफाइलवर जाणं, ठरतो. इथे मॉडेम सर्व्हिस नॉर्मल म्हणतंय, कार्डाच्या दृष्टीने सगळं छान चाललंय! तुमचा डेटा पोचतोय की नाही हे कार्डाला कळायचा मार्गच नाही, ते फक्त तुमच्या फर्मवेअरला (डिव्हाइसमधल्या प्रोग्रामला) कळतं.

म्हणून निर्णय फर्मवेअरमध्ये आणला. सर्व्हरकडून आमच्या मेसेजची पोच तीनदा आली नाही की आधी मॉडेम रीस्टार्ट, तरीही नाही तर कार्डवरच्या सप्लायरच्या अ‍ॅपलेटला (छोट्या प्रोग्रामला) एपीडीयू, म्हणजे कार्डाला द्यायची कमांड, पाठवून पुढचं प्रोफाइल. प्रोफाइल बदललं की कार्ड मॉडेमला रिफ्रेश (सिमची माहिती नव्याने वाच) सांगतं, पण आमच्या मॉड्यूलचं फर्मवेअर रिफ्रेशनंतरही जुनाच आयसीसीआयडी (प्रोफाइलचा क्रमांक) दाखवायचं आणि जुनाच एपीएन वापरायचं, त्यामुळे आम्ही रेडिओ पूर्ण बंद करून चालू करतो, आयसीसीआयडी नव्याने वाचतो आणि त्यावरून एपीएन लावतो. हे एवढं केल्यावर जीव भांड्यात पडला.

परत येणं हे जाण्यापेक्षा अवघड निघालं. सुरुवातीला आम्ही तासाभरात मूळ प्रोफाइलवर परतायचा प्रयत्न करायचो, मग डिव्हाइस दिवसभर इकडून तिकडे, आणि प्रत्येक वेळी नवीन नेटवर्क शोधण्यात बॅटरी जायची ती वेगळी. आता २४ तास थांबतो आणि बँडही (रेडिओ लहरींचे पट्टे) हवे तेवढेच चालू ठेवलेत. दुसरं म्हणजे, नेटवर्कने एकदा कायमचा नकार दिला की मॉडेम त्याचं नाव सिमवरच्या निषिद्ध यादीत लिहून ठेवतं, ती यादी पॉवर बंद केली तरी पुसली जात नाही, आणि मग ऑपरेटरकडे सगळं दुरुस्त झालं तरी डिव्हाइस त्या नेटवर्ककडे आपणहून बघतच नाही. दोन डिव्हाइस याच कारणाने आठवडाभर अडकली होती. सिमवरच्या त्या यादीच्या, २८५३९ नंबरच्या फाइलमध्ये बारा बाइट एफएफ लिहून यादी रिकामी केली आणि पाच मिनिटांत दोन्ही परत आली. आता प्रोफाइल बदलल्यावर आम्ही हे एकदा करतोच.

खरेदी करताना एक नीट विचारा: मल्टी आयएमएसआय देताय की खरं ईयूआयसीसी? मल्टी आयएमएसआयमध्ये एकाच पुरवठादाराच्या कार्डावर वेगवेगळे आयएमएसआय, म्हणजे ग्राहकाची ओळख सांगणारे नंबर, असतात, उद्या त्या पुरवठादाराशी फाटलं तर कार्ड बदलण्याशिवाय पर्याय नाही. ईयूआयसीसीमध्ये ऑपरेटरचं अख्खं प्रोफाइल हवेतून उतरवता येतं. आणि स्टँडर्ड कोणतं तेही विचारा. जुन्या एसजीपी.०२ मध्ये प्रोफाइल बदलायची सुरुवात बहुतेक वेळा एसएमएसने होते, आणि बऱ्याच एनबी आयओटी (कमी डेटाच्या डिव्हाइससाठीच्या) नेटवर्कवर एसएमएसच नसतो, शिवाय डिव्हाइस पीएसएममध्ये (बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये) झोपलेलं असेल तर ते जागं होईपर्यंत काहीच पोचत नाही. २०२३ मध्ये आलेलं एसजीपी.३२ आयओटीसाठीच बनवलंय, त्यात डिव्हाइस स्वतः जागं झाल्यावर ईआयएम नावाच्या सर्व्हरला विचारू शकतं की माझ्यासाठी काही काम आहे का. नवीन प्रोजेक्टला मी हेच घेईन, पण मॉड्यूलमध्ये त्याचा सपोर्ट आहे का हे सप्लायरच्या तोंडी शब्दावर सोडू नका, बोर्डावर चालवून बघा.

परदेशात डिव्हाइस पाठवणार असाल तर कायमचं रोमिंग चालतं का ते आधीच विचारून घ्या, ब्राझील आणि तुर्कीमध्ये त्यावर बंधनं आहेत, तिथे स्थानिक प्रोफाइल उतरवणं हाच ईसिमचा खरा उपयोग.

तळघरातली तीन डिव्हाइस अजूनही रडतात, तिथे कुठल्याच ऑपरेटरचा सिग्नल धड नाही, प्रोफाइल कितीही असली तरी अँटेना वर काढावीच लागेल. बाकी प्रत्येक नवीन फर्मवेअर साइटवर जाण्याआधी आम्ही एक टेस्ट टेबलावरच करतो: सर्व्हरवर पहिल्या ऑपरेटरची आयपी रेंज ब्लॉक करायची, डिव्हाइस दुसऱ्यावर जातंय का बघायचं, मग ब्लॉक काढून दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून परत येतंय का तेही बघायचं. गेल्या दोन वेळा जाणं बरोबर होतं आणि येणं फसलं होतं, दोन्ही वेळा साइटवर पोचायच्या आत सापडलं.