शेवाळापासून हायड्रोजन: माझे पैसे कसे बुडाले

डेमोला हिरव्यागार पाण्याचा २०० लिटरचा पारदर्शक ड्रम होता. नळीतून बुडबुडे येत होते. विक्रेत्याने ते साबणाच्या पाण्यात घेऊन काडी लावली आणि फट्‌कन आवाज झाला. तिथेच मी विरघळलो.

त्याचं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून तर ते पचलं. प्रकाशात शेवाळ हायड्रोजन सोडतं हे गॅफ्रॉन आणि रुबिन या संशोधकांनी १९४२ मध्ये दाखवलं होतं. अडचण अशी की ज्या एन्झाइममुळे हा गॅस तयार होतो, ते ऑक्सिजन लागला की बंद पडतं, आणि शेवाळ तर दिवसभर ऑक्सिजनच सोडत असतं. २००० साली मेलिस या संशोधकाच्या गटाने शेवाळाला मिळणारं गंधक बंद करून त्याचं ऑक्सिजन सोडणं जवळपास थांबवलं, तेव्हा कुठे काही दिवस गॅस मिळत राहिला. पण किती? तासाला लिटरमागे जेमतेम २ ते २.५ मिलिलिटर. म्हणजे माझ्या ड्रममधून तासाला फार तर अर्धा लिटर. एक किलो हायड्रोजन म्हणजे सुमारे १२ हजार लिटर. एवढा जमायला न थांबता अडीच वर्षांहून जास्त लागतील! हा हिशोब मी पैसे भरल्यावर केला.

युनिट घरी आलं. सोबत एक सीलबंद डबा, त्याला जोडलेली 'अ‍ॅक्टिव्हेटर' कांडी आणि 'पोषक' पूड. गॅस भरपूर यायचा. ड्रमला स्विमिंग पूलसारखा वास यायचा, आणि आठवड्यात पाणी फिकट पडायचं. "कल्चर (म्हणजे पाण्यात वाढवलेलं शेवाळ) थकलं," म्हणून नवं विकत घ्यायला लावलं. दोनदा.

एका रात्री दिवे बंद असताना बुडबुडे दिसले. शेवाळ अंधारात काम करतंय? दुसऱ्या दिवशी ड्रम धुऊन साधं पाणी भरलं, त्यात ती पूड टाकली, डबा चालू केला. शेवाळाचा कण नाही, तरी गॅस तस्साच! पूड चाखली नाही, पण मीठच असणार. विजेने खाऱ्या पाण्याचं विघटन, त्यातून हायड्रोजन आणि क्लोरीन. तो वास क्लोरीनचा होता, आणि शेवाळ त्यानेच मरत होतं. गॅसमधून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त वीज मीच भरत होतो.

उपपदार्थांचं तर विचारूच नका. त्याच ड्रममधून अ‍ॅस्टाझँथिन आणि बीटा-कॅरोटिन ही दोन रंगद्रव्यं मिळणार होती, आणि विक्रेताच ती माझ्याकडून परत घेणार होता. पहिलं हिमॅटोकॉकस या शेवाळातून काढतात, दुसरं खाऱ्या पाण्यातल्या ड्युनालिएलातून. माझ्या ड्रममधून गाळून, वाळवून मूठभर भुकटी निघाली. तीही "ओलावा जास्त आहे" म्हणून परत घेतली नाही. मग फोन उचलणंच बंद.

डेमोला गेलात तर डब्याचा प्लग काढायला सांगा आणि तासभर तिथेच बसा. शेवाळाचं शास्त्रीय नाव, त्याचं गंधक कधी बंद करतात आणि तासाला लिटरमागे किती गॅस, हे लेखी मागा. मला ब्रोशर मिळालं होतं, छान गुळगुळीत कागदाचं.