पटाच्या जोडीसाठी गाडी: कमानी-ताडपत्री की बंद बॉडी?

पटासाठी, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीसाठी, जोडी जमली, ती पळवणारा धुरकरी मिळाला, आता भाड्याच्या गाडीची दरवेळची कटकट नको म्हणून स्वतःच्या पिकअपवर बॉडी चढवायचा विचार करत असाल, तर माझा अनुभव ऐका. पिकअप कोणती घ्यावी यात मी पडत नाही. मागचा माल ठेवायचा हौदा नऊ फुटी असला की गवळाऊ जातीचे दोन बैल शेजारी-शेजारी नीट उभे राहतात. खरा प्रश्न आहे हौद्याच्या वर काय घालायचं याचा: लोखंडी कमानींवर ताणलेली ताडपत्री, की सगळीकडून पत्र्याची बंद बॉडी. ट्रॅक्टरची ट्रॉली मी मोजतच नाही. शेजारच्या गावाला ठीक आहे, पण तीन तास ट्रॉलीत हिसके खाल्लेला बैल पटात उतरवू नये, असं आपलं माझं मत.

2014च्या मे महिन्यात बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा आमच्याकडे जोडी होती, पण ती नुसती गोठ्यात उभी. 16 डिसेंबर 2021ला न्यायालयाने परवानगी दिली, तरी गाडीवर पैसे घालायची हिंमत होईना. 18 मे 2023ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला, आणि त्याच दिवाळीनंतर मी पिकअप घेतली. सुरुवात अर्थातच कमानी-ताडपत्रीने केली, कारण ती स्वस्त.

कमानीचे फायदे खोटे नाहीत. गल्लीतल्या वेल्डरकडून दोन दिवसांत काम होतं. ताडपत्री गुंडाळली की गाडी पुन्हा उघडी, त्यामुळे वर्षभर पोट भरते: दिवाळीनंतर कापूस, मग आर्वीकडच्या संत्र्याचे क्रेट. बंद बॉडीत वरून कापूस भरता येत नाही, हा तिचा मोठा तोटा. शिवाय बॉडीचं स्वतःचं वजन, आरसी बुकात बदलाची नोंद, आणि खर्च. मला कमानीच्या साधारण चौपट लागला. ज्याची गाडी पटापेक्षा भाड्यावर जास्त फिरणार, त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता माझं कुठे बिनसलं ते सांगतो.

2024च्या जानेवारीत तळेगाव दशासरच्या पटाला निघालो होतो. उशीर झाला म्हणून पोरानं गाडी विरूळला समृद्धी महामार्गावर चढवली, धामणगावला उतरवली. रस्ता लोण्यासारखा, एक धक्का नाही. मी मनात म्हटलं, बैल आरामात जातायत. पोचल्यावर मागचा फाळका उघडला तर जोडीतला पाखऱ्या घामानं निथळत होता, जानेवारीच्या पहाटे. डोळे मोठे, कान मागे लागलेले, शेपटी पोटाशी. पाण्याच्या बादलीत तोंड घातलं नाही. आमच्या धुरकऱ्यानं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हा बैल तं गाडीतच पयून आला."

कारण शोधायला मला दोन पट गेले. ताडपत्री मागच्या बाजूला फाळक्यापाशी दोरीनं बांधलेली असते. कितीही ताणा, सत्तरच्या पुढे वेग गेला की ती फडफडायला लागतेच. हळू गाडीत ते नुसतं फट-फट असतं, वेगात चाबकासारखं वाजतं. जनावरांच्या वाहतुकीचे 1978चे नियम सांगतात की गुरांची तोंडं शक्यतो इंजिनाकडे करावीत, म्हणजे ती बिचकत नाहीत. ते बरोबरच आहे, मीही तसंच बांधतो. पण मग ही फडफड येते नेमकी बैलाच्या ढुंगणामागून. बैलाला दोन्ही बाजूंचं भरपूर दिसतं, सरळ मागचं मात्र दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेवर कुणीतरी तासभर चाबूक वाजवतंय, आणि पटाच्या बैलाला तर मागून आवाज आला की पळायचं हेच शिकवलेलं. जोडीतला दुसरा, शंभू, शांत आहे, त्याला फारसं काही वाटत नाही. पाखऱ्या मात्र उभ्या जागी पळत राहतो.

उपाय सगळे करून पाहिले. डबल दोरी, खाली लाकडी पट्टी, कडेला वाळूच्या पिशव्या. एकदा तर ताडपत्री पूर्ण काढून नेली, तर थंडीचा वारा आणि डोळ्यांत धूळ. फडफड कमी झाली, गेली नाही.

म्हणून बंद बॉडी केली. सगळीकडून पत्रा, दोन्ही बाजूंना छपराखाली फूटभर जाळी, मध्ये कायमचा आडोसा, खाली काथ्याच्या चटया, मागे दोन पल्ल्यांचं दार. मोटार वाहन नियमांत एका गुराला 2 चौरस मीटर जागा आणि कायमचे आडोसे सांगितले आहेत. नऊ फुटी हौद्यात दोघांचं ते जेमतेम बसतं, तिसरं जनावर घालायचा मोह करू नये. त्याच नियमांप्रमाणे गुरांसाठी केलेल्या गाडीत दुसरा माल भरता येत नाही, म्हणजे संत्र्याचं भाडं विसरा. मी विसरलो.

बंद बॉडीचे त्रास आहेत, लपवत नाही. होळीच्या सुमाराच्या पटाला दुपारी गाडी चहाला उभी केली की आत भट्टी होते. चालत्या गाडीत जाळीतून वारा खेळतो, उभ्या गाडीत नाही. म्हणून मार्चमध्ये मी रात्रीच निघतो. मुताचा वास डोळ्याला झोंबतो, तळाला भोकं आणि रोजची धुलाई हवीच. आणि बैल काय करतायत ते दिसत नाही. आधी मी दर अर्ध्या तासानं गाडी थांबवून डोकावत होतो, आता केबिनमागे हातभर खिडकी कापून घेतली आहे.

मोजमाप माझ्याकडे नाही, मी काही पशुवैद्यक नाही. मी एवढंच बघतो: उतरवल्यावर बैल पाणी कधी पितो आणि रवंथ कधी धरतो. ताडपत्रीच्या दिवसांत पाखऱ्याला रवंथ धरायला दुपार व्हायची. बंद बॉडीत पहिल्यांदा नेला, दार उघडलं, तर त्याचं तोंड चालूच होतं. पट आम्ही त्या दिवशीही जिंकलो नाही, ते वेगळं. पण छकडीला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला, जुंपताना त्याला पकडायला चार माणसं लागली नाहीत.

तुमची जोडी शंभूसारखी असेल, पट जवळपासचेच करायचे असतील आणि गाडीनं भाडंही कमवायचं असेल, तर कमानी घ्या, उगाच पैसे घालू नका. लांब जायचं असेल आणि एक जरी बैल बिचकणारा असेल, तर मला बंद बॉडी बरी वाटते.

जुनी तयार बॉडी मिळत असेल तर बैल चढवायच्या आधी स्वतः आत बसून दहा किलोमीटर जाऊन बघा. मी बसलो होतो. बांधापाशी, म्हणजे आमच्याकडे धुऱ्यापाशी, गाडी लावून आत चढलो, तेव्हा घरची मंडळी हसली, पण दाराची कडी केवढी खडखडते ते तिथेच कळलं. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.