सांता चेचिलिया, त्रास्तेवेरे: वरच्या मजल्याचं तिकीट विसरू नका

संत सेसिलिया (इटालियनमध्ये सांता चेचिलिया) ही संगीताची संरक्षक मानली जाणारी ख्रिस्ती हुतात्मा. रोममध्ये तिच्या दोन जागा आहेत. एका दिवसात दोन्ही होतात, पण क्रम चुकला की निम्मं हातचं जातं. सकाळी त्रास्तेवेरेतलं चर्च, दुपारी आप्पिया आन्तिका रस्त्यावरचं संत कॅलिक्स्टसचं भुयारी दफनस्थान. उलटं केलंत तर चर्चमधलं भित्तिचित्र हुकतं, कारण ते फक्त सकाळी दाखवतात. बुधवारी भुयार बंद, तेव्हा तो वार सोडाच.

कथा माहीत नसेल तर निम्म्या गोष्टी नुसत्या दगड वाटतील. खानदानी रोमन घरातली सेसिलिया, नवरा वालेरियन आणि दीर तिबुर्तियस यांना ख्रिस्ती करते. दोघे मारले जातात. तिला घरच्याच स्नानगृहात वाफेनं गुदमरवायचं ठरतं, ते फसतं. मग मारेकरी मानेवर तीन घाव घालतो, तरी शिर तुटत नाही, आणि ती तीन दिवस जगते. ही कथा पाचव्या शतकातली आहे. 354 च्या रोमन हुतात्म्यांच्या यादीत तिचं नावच नाही, त्यामुळे तपशील इतिहास म्हणून घेऊ नयेत. संगीताशी नातंही तितकंच नाजूक: लग्नात वाद्यं वाजत असताना ती मनात देवाचं गात होती, एवढ्या एका वाक्यावर ते उभं आहे.

चर्चचा प्रवेश मोफत. वेदीखालची मूर्ती स्तेफानो मादेर्नोची, 1600 ची. आदल्या वर्षी कबर उघडली तेव्हा देह असाच दिसला, असं त्यानं लिहून ठेवलंय. कुशीवर पडलेली, चेहरा जमिनीकडे, डोक्याला फडकं. उभ्यानं पाहिलं तर नुसती निजलेली मुलगी दिसते. खाली वाका, मग मानेवरची चीर दिसेल. एका हाताची तीन बोटं आणि दुसऱ्याचं एक, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) आणि एक देव, असा पारंपरिक अर्थ. वरच्या मोझॅइकमध्ये पोप पास्कल पहिला याच्या डोक्यामागचं तेजोवलय चौकोनी आहे. चित्र झालं तेव्हा तो जिवंत होता, त्याची ही खूण.

तळघराला वेगळं तिकीट. रोमन घरांचे अवशेष आणि विटांच्या गोल टाक्या बघण्यासारख्या. पुढचं भडक सजावटीचं भूगर्भ-चॅपल मात्र 1900 च्या सुमारासचं. त्याला प्राचीन समजून भारावू नका.

खरा पैसा वसूल होतो वर, बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) गायनकक्षात. त्यासाठी मठाच्या दाराची बेल वाजवावी लागते. चर्चमध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही. चित्रकार पिएत्रो काव्हालिनीचं अंतिम न्यायाचं (जगाच्या शेवटी ख्रिस्त निवाडा करतो, त्या प्रसंगाचं) भित्तिचित्र, साधारण 1293 चं, लाकडी आसनांमागे झाकलेलं होतं, ते 1900 मध्ये उजेडात आलं. देवदूतांच्या पंखांतले रंग पाहा, पिसागणिक बदलतात. चेहऱ्यांवरची छायाप्रकाशाची गोलाई त्या काळी नवी होती. बरेच जण मूर्ती बघून परततात. मोठं नुकसान.

दुपारी 118 नंबरची बस. भुयारात एकट्यानं फिरता येत नाही. तिकीट घेताना भाषा सांगायची आणि त्या भाषेच्या गटाबरोबर जायचं. फोटोला मनाई. आत बारा महिने गारवा असतो, उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी हवं. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. नऊ पोपांच्या कबरींच्या दालनाला लागूनच सेसिलियाची खोली आहे. कबर रिकामी, कारण पास्कलनं 821 मध्ये अवशेष चर्चमध्ये नेले. इथली मूर्ती मादेर्नोची नक्कल. मूळ सकाळी पाहिलेली असली की तिच्यावर वेळ घालवावा लागत नाही. वाटाडे या खोलीत फार थांबत नाहीत, म्हणून गटाच्या पुढे राहा आणि थेट भिंतीकडे वळा: हात पसरून प्रार्थना करणारी सेसिलिया आणि खाली ख्रिस्ताचा चेहरा तिथे आहे.