‘जेन आयर’ आणि ‘वाइड सरगॅसो सी’: आधी कोणती वाचावी?

शार्लट ब्राँटे यांची १८४७ सालची ‘जेन आयर’ आणि डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन रीस यांची १९६६ मधली ‘वाइड सरगॅसो सी’ या दोन्ही कादंबऱ्यांत माळ्यावर कोंडलेली बाई एकच आहे. ब्राँटे यांच्याकडे ती, म्हणजे कादंबरीचा नायक रॉचेस्टर याची पहिली बायको बर्था, गुरगुरते, रात्री नवऱ्याच्या बिछान्याला आग लावते, पण थेट तिच्या तोंडचे एक वाक्यही वाचकाला ऐकू येत नाही; रीस मात्र तिला आंत्वानेत हे नाव, जमैकातले बालपण आणि स्वतःचा आवाज देतात, आणि तिचे नाव बदलून बर्था करणाऱ्या नवऱ्यालाच अखेरपर्यंत निनावी ठेवतात. कथानकाची पकड ब्राँटे यांचीच घट्ट. रीस यांचे पुस्तक छोटेसे असले तरी निवेदक न सांगता बदलतो, त्यामुळे नवखा वाचक अडखळतो. म्हणून आधी ‘जेन आयर’च वाचावी.